ठिपके गेल्यानंतरचे दिवस

डिसेंबरात पुणे-नाशिककडे रात्रीचा पारा घसरला की फिशटँकच्या दुकानांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आलेत. दुकानदार निळ्या किंवा हिरव्या औषधाची छोटी बाटली देतो आणि रोज चार थेंब टाकायला सांगतो. तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि बाटली कपाटात जाते. आठवडा उलटायच्या आत ठिपके परत येतात, आणि या खेपेला एखाद्या मोलीवर नव्हे, तर टाकीतल्या झाडून सगळ्या माशांवर. मासे मरतात ते या दुसऱ्या फेरीत. मग औषधातच भेसळ होती असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं. ते थांबवण्याचा दिवस चुकलेला असतो.

छंदी मंडळी या आजाराला ‘व्हाइट स्पॉट’ किंवा नुसतं ‘इक’ म्हणतात. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत इतका नेहमी येणारा दुसरा साथीचा रोग नाही. म्हणून या प्रकरणात बाकीच्या रोगांची उभ्या उभ्या भेट घेऊन मी याच्यापाशी बसणार आहे. याची चाल एकदा समजली की टाकीतल्या कुठल्याही साथीकडे बघायची नजर तयार होते.

रोगाला कारण असलेला जीव एकपेशीय आहे. नाव लांबलचक: इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. १८६९ मध्ये जर्मन अभ्यासकांनी त्याचं वर्णन केलं आणि १८७६ मध्ये फूके या फ्रेंच अभ्यासकाने त्याला आजचं नाव दिलं. आहे एकच पेशी, पण वाढ पूर्ण झाली की ती एक मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर एकदा जरूर बघा. नुकत्याच मेलेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडायचा, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब सोडायचा आणि सर्वांत कमी वर्धनाखाली धरायचा. करड्या रंगाचा एक गोळा स्वतःभोवती संथ फिरताना दिसतो. त्याच्या अंगभर बारीक केसांची झालर सतत हलत असते आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक असतं. ही नाल दिसली की निदानात शंका उरत नाही.

आपल्याला ठिपका म्हणून जे दिसतं, ते या जिवाच्या आयुष्याचं एकच पर्व आहे. तो माशाच्या अंगाला वरून चिकटलेला नसतो. कातडीच्या वरच्या थराखाली शिरून माशाच्या पेशी खात तिथे वाढत असतो. त्याच्या डोक्यावर माशाच्याच कातडीचं छप्पर असतं, त्यामुळे पाण्यात टाकलेलं नेहमीचं औषध तिथवर पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो कातडी फोडून बाहेर पडतो, थोडा वेळ पोहतो आणि खड्यांवर, पानामागे, काचेवर, फिल्टरच्या पाइपवर, जिथे टेकेल तिथे बसून स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो. याही अवस्थेत औषध त्याला फारसं लागू पडत नाही. कवचाच्या आत एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशी विभागणी सुरू होते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर साधारण दिवसभरात कवच फुटतं आणि आतून शेकडो, कधी हजारभर पिल्लं पाण्यात येतात. एकेक पिल्लू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं किंवा त्याहून लहान. त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. माशाला गाठलं की पुन्हा कातडीखाली शिरतात आणि फेरी नव्याने सुरू होते.

औषध, मीठ, आपण जे काही पाण्यात टाकतो त्याचा खरा मारा या पोहणाऱ्या पिल्लांवरच होतो. कातडीखालचा जीव सुरक्षित, कवचातला जीव सुरक्षित, उघड्यावर सापडतो तो फक्त मधल्या प्रवासात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चौथ्या दिवशी माशाचं अंग स्वच्छ झालं ते औषधामुळे नव्हे. वाढ पुरी झालेले जीव आपापल्या वेळेला तळाशी उतरले म्हणून. औषध न टाकताही ते उतरलेच असते. मासे सर्वांत छान दिसतात, त्याच दिवशी टाकीच्या तळाशी पुढची फौज तयार होत असते. आणि नेमका तोच दिवस आपण उपचार थांबवायला निवडतो.

ही फेरी किती दिवसांची, हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. २५ अंशांच्या आसपास ती चार ते सात दिवसांत पुरी होते. पाणी जितकं गार तितकी ती लांबते; १० अंशांच्या आसपास महिनाभर किंवा त्याहून जास्त चालते. म्हणून हीटर नसलेल्या टाकीत हिवाळ्यातला आजार रेंगाळतो आणि घरच्यांना वाटतं, आता बरं वाटतंय. मी सांगते ती पद्धत साधी आहे. टाकीतल्या कोणत्याही माशावर शेवटचा ठिपका ज्या दिवशी दिसला, त्या दिवसावर भिंतीवरच्या कालनिर्णयात खूण करा. तिथून पुढे पाणी २५ अंशांवर असेल तर निदान दहा दिवस उपचार चालू ठेवा. गार असेल तर हीटर लावून ते २५-२६ वर आणा, किंवा मुदत वाढवा. मध्येच एक ठिपका दिसला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता थोडं मागे जाऊ, कारण औषधाला हात लावण्याआधीच एक निर्णय घ्यायचा असतो. रात्री धडधाकट असलेली टाकी सकाळी अर्धी मेलेली आढळली, तर ती साथ नव्हे. रोगाला दिवस लागतात. काही तासांत सगळे मासे जातात ते पाणी बिघडल्यामुळे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, साचलेला अमोनिया, वीज गेल्यामुळे रात्रभर बंद राहिलेला एअर पंप, नाहीतर खोलीत मारलेला डासांचा स्प्रे. या स्प्रेतली पायरेथ्रॉइड गटातली रसायनं माणसाला सौम्य वाटली तरी माशांना अत्यंत विषारी असतात, आणि खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडणं हेच तर एअर पंपाचं काम. अशा वेळी औषध टाकणं म्हणजे आगीत तेल. निम्मं पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असू द्या, हवा वाढवा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ झालं की पालिकेला क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बदलताना अँटिक्लोरीनचे थेंब विसरू नका. बाजारात त्यालाच ‘हायपो’चे खडे असंही म्हणतात. घटक एकच, सोडियम थायोसल्फेट.

पाणी ठीक असेल तर ठिपक्यांकडे बघा, आणि त्यासाठी खोलीतला दिवा घालवून टॉर्च तिरपा मारा. इकचे ठिपके सुटे, पांढरे, टाचणीच्या डोक्याहून लहान, परांवर आणि अंगावर विखुरलेले असतात. त्याहून बारीक, सोनेरी धुळीची पूड दिसली तर तो ‘व्हेल्व्हेट’. त्याचा जीव वेगळा, पण जीवनक्रम बराचसा असाच. जखमेवर कापसाचे पुंजके असतील तर बुरशी. आणि तोंडाभोवती करडा-पांढरा पट्टा किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिका डाग असेल तर तिथे सावध व्हा. तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग असू शकतो. त्याचं वर्णन १९२२ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या माशांवरून झालं. इकवर हमखास सुचवला जाणारा तापमान वाढवण्याचा उपाय इथे घातक ठरतो, कारण उबेत हे जिवाणू जोमाने वाढतात आणि एक-दोन दिवसांत मासे जातात. आणखी एक गोष्ट दर वर्षी कुणाला तरी घाबरवते: गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर ओळीने पांढरे बिंदू येतात, बाकी अंग स्वच्छ असतं, मासा मजेत असतो. तो वयात आलेला नर आहे. त्याला काहीही झालेलं नाही. उलट त्याला औषध पाजलं तर मात्र काहीतरी होईल.

ठिपके नसतानाही इक असू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. पिल्लं सर्वांत आधी शिरतात ती कल्ल्यांत, कारण तिथली कातडी पातळ असते. अशा वेळी अंग चकचकीत, पण मासा फिल्टरच्या धारेखाली किंवा पृष्ठभागापाशी तोंड उघडं ठेवून थांबतो, कल्ले भराभर हलतात, पर मिटलेले असतात आणि मधूनच झपकन वळून तो खड्यांना अंग घासतो. मासा एकदा घासला तर दुर्लक्ष करा. टाकीतले तीन-चार मासे दिवसभर घासत असतील, तर ठिपक्यांची वाट बघू नका.

उपचारात मला सर्वांत जास्त विश्वास मिठावर आहे. त्यामागे भाबडेपणा नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातलं द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा खूप खारट असतं, म्हणून पाणी सतत कातडीतून आणि कल्ल्यांतून आत झिरपत राहतं आणि मूत्रपिंडं ते अखंड बाहेर टाकत राहतात. इकने कातडीला शेकडो भोकं पाडली की हा ओघ वाढतो. मासा मरतो तो पुष्कळदा याच थकव्याने. पाणी किंचित खारट केलं की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि माशाचा भार हलका होतो. शिवाय पोहणाऱ्या पिल्लांना तेच मीठ सोसत नाही. तिसरा फायदा क्वचितच सांगितला जातो: मिठातलं क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटच्या वाटेत आडवं येतं, म्हणजे फिल्टर कोलमडला तरी नायट्राइटची बाधा कमी होते.

मात्रा लिटरला एक ते तीन ग्रॅम. ती काढायला टाकीचं खरं पाणी माहीत हवं. आपल्याकडे टाक्या फुटांत विकल्या जातात. दोन बाय एक बाय एक म्हणजे दोन घनफूट, एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे कागदावर ५६. पण वरची मोकळी जागा, खडे, शोभेचे दगड वजा केले की पाणी राहतं ४५ लिटरच्या आसपास. औषधाच्या बाटलीवरची मात्राही या ४५ वर काढायची, ५६ वर नव्हे. लिटरला दोन ग्रॅम धरलं तर ९० ग्रॅम जाडं मीठ. ते एकदम ओतायचं नाही. टाकीतल्याच पाण्यात विरघळवून तीस-तीस ग्रॅम, बारा-बारा तासांनी. पुढे रोज सायफनने तळ ओढत १५ लिटर पाणी काढलं तर नव्या पाण्यात ३० ग्रॅम मीठ परत घालायचं. पाणी नुसतं उडून कमी झालं असेल तर मात्र साधं पाणी घाला, कारण मीठ उडत नाही. हे न कळल्याने टाकी हळूहळू खारट होत गेलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. पाणवनस्पती आणि गोगलगायींना मीठ बाधतं. झाडांची टाकी असेल तर मासे काढून साध्या टबमध्ये उपचार करणं बरं. मासे नसलेल्या मुख्य टाकीत परजीवीला खायला काही उरत नाही; पाणी २५ अंशांवर ठेवून दोन आठवडे ती तशीच ठेवली की पिल्लं आपोआप संपतात.

रोज तळ ओढणं हा मला औषधाइतकाच महत्त्वाचा भाग वाटतो. कवचं खड्यांवर असतात. पाइपमधून बादलीत गेलेलं प्रत्येक कवच म्हणजे काही शेकडा पिल्लं कमी.

मिठाने आटोक्यात आलं नाही तर औषध. बहुतेक हिरव्या बाटल्यांत मॅलॅकाइट ग्रीन असतं, काहींत त्याच्या जोडीला फॉर्मॅलिन. दोन्ही परिणामकारक आहेत आणि दोन्ही जपून हाताळायची आहेत. मॅलॅकाइट ग्रीनला खाण्याच्या माशांसाठी अनेक देशांत बंदी आहे. हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा. फॉर्मॅलिन पाण्यातला ऑक्सिजन कमी करतं, म्हणून हवा जोरात चालू हवी. थंडीत ठेवलेल्या फॉर्मॅलिनच्या तळाशी पांढरा गाळ जमला असेल तर ती बाटली टाकून द्या. तो गाळ माशांना मूळ औषधापेक्षा कितीतरी जास्त विषारी असतो. खवले नसलेल्या लोच आणि मांगुरवर्गी माशांना निम्मी मात्रा. फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो, तो आधी काढा. आणि टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात. इक जिवाणू नाही. कॅप्सूलने मरतील ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू.

साथीतला दुसरा मारेकरी तिथूनच येतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, फिल्टरच्या स्पंजावर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. औषधांनी हे जिवाणू दबले, त्यात खड्यांमागे एखादा मेलेला मासा राहून गेला, की अमोनिया चढतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ ला गेला तर त्याच अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. म्हणून या दिवसांत खाणं निम्म्यावर आणा, रोज मासे मोजा, अमोनियाचं टेस्ट किट घरात ठेवा. स्पंज नळाखाली धुवू नका. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळा.

तापमान ३० अंशांवर नेलं की या परजीवीची वाढ बहुतेक वेळा खुंटते. मोली, गुरामी, एंजल यांना ते सोसतं, गोल्डफिशला नाही. वाढवायचं तर दिवसाला दोन अंश या बेताने, आणि हवेचा दगड वाढवून. कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. कल्ले फाटलेल्या माशाला हा फरक जाणवतो.

काही मासे वाचत नाहीत. आडवा पडलेला, तोल न सावरणारा मासा दिवसभर तसाच तडफडू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दातदुखीसाठी घरात असतं ते लवंगेचं तेल इथे माणुसकीचं काम करतं. छोट्या बाटलीत कोमट पाण्यात ते जोरात हलवून दुधाळ करायचं आणि माशाच्या भांड्यात लिटरला दहा थेंबांच्या हिशेबाने घालायचं. मासा आधी गुंगीत जातो, मग कल्ले थांबतात. थांबल्यावरही अर्धा तास त्याला तसाच राहू द्यायचा. फ्लश करणं किंवा जिवंतपणी फ्रीजरमध्ये ठेवणं यापेक्षा हे कितीतरी दयाळू आहे.

स्वतःच्या हातांचीही काळजी घ्या. इक माणसाला होत नाही, पण फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत १९२६ मध्ये सापडलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद माणसाच्या जखमेतून शिरतो आणि बोटांवर, मनगटावर महिनोन्‌महिने न बऱ्या होणाऱ्या गाठी आणतो. कापलेला हात टाकीत घालू नका, सायफन तोंडाने ओढू नका, आणि अशी गाठ आली तर घरी मासे आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नाहीतर त्यांच्या ते लक्षात यायला वेळ लागतो.

दोन-तीन साथी झाल्या की काही जण वैतागून उरलेले मासे तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. कृपा करून असं करू नका. टाकीतला साकर मासा असाच सुटून केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि बंगालमधल्या पाण्यांत आज घर करून बसला आहे, आणि मासेमारांची जाळी त्याच्या काटेरी परांनी फाटतात. छंद सोडायचाच असेल तर मासे दुकानात परत द्या, किंवा दुसऱ्या छंदी माणसाला द्या, तेही आजार पूर्ण निवळल्यावर.

इक टाकीत आपोआप उपजत नाही. तो आणला जातो, नव्या माशाबरोबर, ओल्या झाडाबरोबर, पिशवीतल्या पाण्याबरोबर. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत दहा टाक्यांत एकच जाळी फिरताना तुम्ही पाहिली असेल. पिशवीतलं पाणी टाकीत कधीच ओतू नका. मासा जाळीने उचला, पाणी मोरीत. जाळी वापरल्यावर कडक उन्हात वाळवा, कोरडेपणा या परजीवीला सोसत नाही. शिवाय साथीतून वाचलेल्या माशांना काही काळ बरीच प्रतिकारशक्ती येते. त्यांच्या अंगावरच्या चिकट थरातली प्रतिपिंडं परजीवीला टिकू देत नाहीत. म्हणून जुने मासे ठणठणीत आणि नवा मासा चार दिवसांत ठिपक्यांनी भरलेला, असा प्रकार घडतो. आजार कधी नव्या माशाकडून जुन्यांकडे जातो, कधी जुन्यांकडून नव्याकडे.

दोन्हीवर उपाय एकच, विलगीकरणाची टाकी, आणि तिला खर्च फारसा नाही. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, छोटा हीटर, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. खडे नकोत, तळ उघडा असला की कवचं सायफनने सहज निघतात आणि विष्ठेचा रंगही दिसतो. स्पंज मात्र आधीपासून मुख्य टाकीत तरंगत ठेवलेला असावा, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी त्याच्यावर जिवाणू तयार असतात. मुख्य टाकीत साथ चालू असेल तर तो स्पंज वापरू नका. नवा मासा या टबमध्ये तीन आठवडे ठेवायचा, २६ अंशांवर, आणि रोज रात्री दिवा मालवून टॉर्चने त्याचे पर बघायचे.